भट्टीचे भांडे कोणते घ्यावे?

फाल्गुन-चैत्रात मोहफूल वेचून वाळवले की बोरगाव, सौंसर, पांढुर्णा भागात भट्टीचा विषय निघतोच. आधी कायद्याचे बोलू. मध्य प्रदेश आबकारी अधिनियम, १९१५ प्रमाणे परवान्याशिवाय दारू गाळणे गुन्हा आहे. अनुसूचित जमातीच्या कुटुंबांना घरच्या वापरापुरती, ठरावीक मर्यादेत सवलत आहे. ती विक्रीसाठी नाही. २०२२ पासून आदिवासी बचत गटांना परवान्याने मोहाची दारू करता येते. ज्यांना अशी मुभा आहे आणि जे प्रथमच भांडी घेत आहेत, त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

नवा माणूस विचारतो, भांडे केवढे घ्यावे? खरे तर ते कशाचे आहे हे आधी पाहावे. सडवा आंबट असतो. पितळेत ताक कळकते तसाच तोही धातू खातो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, जुना डबा, तेलाचा किंवा औषधाचा पिंप मुळीच वापरू नये. मोटारीचा जुना रेडिएटर वाफ थंड करायला लावणे सर्वांत घातक. त्याच्या डाखातले शिसे दारूत उतरते, साठत जाऊन मज्जातंतू व मूत्रपिंड बिघडवते, आणि चवीवरून काहीच कळत नाही. अमेरिकेत चोरून गाळणाऱ्यांच्या गावी असे पुष्कळ लोक आजारी पडले. ॲल्युमिनियमलाही आंबट सडवा खड्डे पाडतो.

मग घ्यावे काय? मातीचे मडके, चांगले स्टेनलेस स्टील किंवा तांबे. गोव्यात फेणीसाठी तांब्याचे भांडे चालते. तांबे वाफेतला गंधकाचा वास ओढून घेते. मात्र हिरवा थर दिसताच लिंबू-मिठाने घासावे. नळी तांब्याची किंवा स्टीलची. रबर, प्लास्टिक नको. सांधे कणकेने लिंपावेत, म्हणजे नळी तुंबली तर कणीक सुटते, भांडे फुटत नाही. नळीचे तोंड कधीही बंद करू नये. गाळलेली दारू जमा होते ते भांडे जाळापासून दूर ठेवावे, वाफ पेट घेते.

मोहफुलात साखर तयार असते. ज्वारी-मक्यात असतो स्टार्च. त्याची साखर करायला मोड आलेले, वाळवून भरडलेले धान्य लागते. ते ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास तासभर गरम पाण्यात ठेवावे लागते. पाणी ७५ च्या वर गेले की मोडातला गुण मरतो. म्हणून धान्य वापरणाऱ्याने पहिला पैसा थर्मामीटरवर घालावा.

२०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरहून अधिक माणसे दगावली, ती मिथेनॉलमुळे. धान्याच्या सडव्यात ते नाममात्र असते; असे बळी बहुधा कारखान्याचे मिथेनॉल मिसळल्याने जातात. तेव्हा बाहेरून आणलेले कसलेही 'स्पिरिट' भांड्यात ओतू नये.

नव्या भांड्यातून प्रथम नुसते पाणी गाळावे, सांधे कुठे गळतात ते पाहावे आणि ते पाणी फेकून द्यावे.