टीबीच्या तपासणीला लाळ नको, बेडका द्या! लाळेचं काम वेगळं, समजून घ्या

खोकला जात नाही म्हणून आरोग्य केंद्रात गेलं की डबी मिळते आणि 'थुंकी आणा' असं सांगतात. बरेच जण तोंडातली लाळ डबीत टाकून मोकळे होतात. रिपोर्ट निगेटिव्ह आला की घरचेही निर्धास्त. पण लाळ वेगळी आणि छातीतला बेडका वेगळा. इथं चूक झाली तर टीबी असूनही सापडत नाही आणि घरातल्या लेकराबाळांना लागण होत राहते.

लाळ करते काय?

कानाजवळ, जबड्याखाली आणि जिभेखाली लाळग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या असतात. त्यातून दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. त्यात ९९ टक्के पाणीच असतं, पण उरलेला एक टक्का मोठं काम करतो. भाकरीचा घास जास्त वेळ चावून बघा, गोडसर लागतो. लाळेतलं अमायलेज पिठूळ पदार्थांची साखर करायला लागतं, म्हणून. शिवाय लाळ दात जपते, जंतूंना आवर घालते. तोंड सारखं कोरडं पडत असेल तर शुगर वाढलेली असू शकते किंवा चालू गोळ्यांचा परिणाम असू शकतो. डॉक्टरांना सांगा.

लाळेतून आजार कळतो का?

काही कळतात. एचआयव्हीची प्राथमिक तपासणी तोंडातल्या द्रवावरून करता येते, पक्कं निदान मात्र रक्त तपासूनच. कोविडच्या वेळी नागपूरच्या 'नीरी' संस्थेने मिठाच्या पाण्याच्या गुळणीतून तपासणीची पद्धत काढली. तिला २०२१ मध्ये आयसीएमआरची मान्यता मिळाली.

बेडका कसा द्यायचा?

फुफ्फुसाच्या टीबीचे जंतू छातीत असतात, म्हणून बेडका खोलवरून यायला हवा.

- सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा.
- मोकळ्या हवेत, माणसांपासून लांब उभे राहा.
- दोन-तीनदा खोल श्वास घ्या, मग छातीतून जोरात खोका.
- घट्ट बेडका डबीत टाका, झाकण नीट लावा आणि लगेच केंद्रात पोचवा.

डबीत पाण्यासारखं पातळ, फेसाळ दिसलं तर ती लाळच. पुन्हा प्रयत्न करा.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर अंगावर काढू नका, आशाताईंना सांगा. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत आहेत.