घशातला विषाणू आणि मनातली भीती

२०१३ सालच्या जून महिन्यात हॉलिवूडचे अभिनेते मायकेल डग्लस यांची एक मुलाखत लंडनच्या ‘गार्डियन’ दैनिकात प्रसिद्ध झाली. मुखमैथुनातून पसरणाऱ्या एका विषाणूमुळे घशाचा कर्करोग होऊ शकतो, असे ते त्यात म्हणाले होते. बातमी जगभर पसरली. ‘त्यांना स्वतःच्या आजाराचे हेच कारण सांगायचे नव्हते’ असा खुलासा नंतर त्यांच्या प्रवक्त्याने केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपला कर्करोग खरे तर जिभेचा होता, असे डग्लस यांनीच सांगितले. पण बातमी जितक्या लांब जाते तितक्या लांब खुलासा जात नाही. लोकांच्या लक्षात राहिली ती भीती: एखाद्या वेळी घडलेल्या संबंधामुळे आता मला तोंडाचा कर्करोग होईल का?

हा प्रश्न मोठी माणसे डॉक्टरांना दबक्या आवाजात विचारतात. अकरावी-बारावीची मुले तो कोणालाच विचारत नाहीत. म्हणून तो शिक्षकांनी समजून घ्यायला हवा. त्यासाठी तीन गोष्टी पाहू: हा विषाणू करतो काय, कोठे करतो आणि किती जणांत करतो.

पेशीचे ब्रेक निकामी करणारा पाहुणा

या विषाणूचे नाव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही. हा एकच विषाणू नसून दोनशेहून अधिक प्रकारांचे मोठे कुटुंब आहे. हातापायांवर येणारे चामखीळ यांच्यातल्याच काही प्रकारांमुळे येतात. विषाणूचा व्यास सुमारे ५५ नॅनोमीटर असतो, म्हणजे एक मिलिमीटर लांबीच्या रेषेवर असे अठरा हजार विषाणू ओळीने बसतील. कुटुंबातील बहुतेक प्रकार निरुपद्रवी असतात. कर्करोगाशी संबंध आहे तो डझनभर प्रकारांचा आणि त्यांतही मुख्यतः १६ क्रमांकाच्या प्रकाराचा. जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेने १९८३ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगात हा प्रकार शोधून काढला. २००८ मध्ये त्सुर हाउझेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या पेशींत विभाजनावर लक्ष ठेवणारी काही प्रथिने असतात. डीएनएत बिघाड झाला तर पी-५३ हे प्रथिन विभाजन थांबवते. दुरुस्ती शक्य नसेल तर ती पेशी नष्ट करवते. आरबी नावाचे दुसरे प्रथिन वेळ येण्यापूर्वी विभाजन सुरू होऊ देत नाही. १६ क्रमांकाच्या विषाणूचे ई-६ हे प्रथिन पी-५३चा नाश घडवते आणि ई-७ हे आरबीला निकामी करते. सायकलचे पुढचे आणि मागचे असे दोन्ही ब्रेक काढून टाकावेत तसे हे झाले. मात्र ब्रेक काढले म्हणजे त्याच क्षणी अपघात होतो असे नाही. संसर्ग टिकून राहावा लागतो, पेशींत आणखी बिघाड साचावे लागतात आणि यात बहुधा कित्येक वर्षे, कधी काही दशके जातात. बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट तिथवर पोहोचतच नाही. शरीराची प्रतिकारशक्ती बहुतेक संसर्ग एक-दोन वर्षांत निपटून काढते आणि त्या माणसाला काही घडल्याचा पत्ताही लागत नाही.

तोंड वेगळे, घसा वेगळा

आपण बोलताना ‘तोंडाचा’ आणि ‘घशाचा’ कर्करोग यांत फारसा भेद करत नाही. येथे तो करणे आवश्यक आहे. गाल, हिरड्या, टाळूचा पुढचा भाग आणि जिभेचा पुढचा दोन-तृतीयांश भाग म्हणजे तोंड. टॉन्सिल आणि जिभेचे मूळ हे घशाचे भाग. टॉन्सिलच्या पृष्ठभागावर खोल खाचा असतात. त्या खाचांमधले अस्तर पातळ आणि सच्छिद्र असल्यामुळे विषाणूला तळाच्या पेशींपर्यंत वाट मिळते. गालाच्या आतले अस्तर जाड असते. म्हणूनच एचपीव्हीमुळे होणारे कर्करोग प्रामुख्याने टॉन्सिल व जिभेच्या मुळाशी आढळतात.

भारतासह नऊ देशांतील रुग्णांचा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तोंडाच्या कर्करोगाच्या सुमारे ४ टक्के नमुन्यांत एचपीव्हीचा डीएनए सापडला, तर घशाच्या कर्करोगात हे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. अमेरिकेत मात्र घशाच्या या भागातील कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के एचपीव्हीमुळे होतात असा अंदाज आहे. वर्तमानपत्रांतल्या बातम्या बहुधा तिकडच्या आकड्यांवर बेतलेल्या असतात.

आकडे नीट वाचू या

‘७० टक्के’ हा आकडा ऐकून छातीत धडकी भरते. पण तो कशाचे प्रमाण सांगतो? आजारी पडलेल्यांपैकी किती जणांत कारण एचपीव्ही आहे, एवढेच. संसर्ग झालेल्यांपैकी किती जण आजारी पडतील हे तो सांगत नाही. हे दोन प्रश्न अगदी भिन्न आहेत. अमेरिकेत १४ ते ६९ वयाच्या लोकांच्या पाहणीत सुमारे ७ टक्के लोकांच्या तोंडात एचपीव्हीचा कोणता ना कोणता प्रकार आढळला, तर १६ क्रमांकाचा प्रकार सुमारे १ टक्का लोकांत. ही पाहणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तेथील २०१७ मधील एका अभ्यासानुसार, संपूर्ण आयुष्यात घशाचा हा कर्करोग होण्याची शक्यता १०,००० पुरुषांमागे ३७ आणि १०,००० स्त्रियांमागे ११ एवढी आहे. यांत तंबाखूमुळे होणारेही आले. धोका खरा आहे, पण लहान आहे.

भीतीला बहुधा लाज आणि संशय चिकटलेले असतात. हा संसर्ग लैंगिक संबंध आलेल्या बहुसंख्य लोकांना आयुष्यात केव्हा ना केव्हा होतो. तो कधी झाला हे सांगता येत नाही, कारण विषाणू वर्षानुवर्षे गुपचूप राहू शकतो. त्यामुळे पती किंवा पत्नी यांपैकी एकात तो आढळला, यावरून कोणाच्याही चारित्र्याबद्दल निष्कर्ष काढणे चूक आहे. उष्ट्या पेल्यातून किंवा एका ताटात जेवल्याने तो पसरल्याचे दिसलेले नाही.

आपल्याकडचा मोठा शत्रू

आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे प्रमुख कारण आजही तंबाखू आणि सुपारी हेच आहे. मग ती गुटख्याच्या पुडीतली असो, खर्रा-माव्यातली असो, की सकाळी हिरड्यांवर घासायच्या मिश्रीतली. नुसती सुपारीदेखील कर्करोगकारक आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात नमूद केले. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. तरी शाळेच्या कुंपणाबाहेर काय विकले जाते हे शिक्षकांना सांगायला नको. विषाणूच्या भीतीने झोप उडालेल्या तरुणाच्या खिशात पुडी असेल, तर त्याची भीती चुकीच्या ठिकाणी खर्च होत आहे.

करता येण्याजोगे

एचपीव्हीविरुद्ध लस आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोस्टा रिकातील चाचणीत, लस घेतलेल्या तरुणींच्या तोंडात १६ व १८ क्रमांकाच्या विषाणूंचा संसर्ग सुमारे ९३ टक्क्यांनी कमी आढळला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्वाव्हॅक’ ही लस २०२३ मध्ये बाजारात आली. लस संसर्ग टाळते, झालेला संसर्ग बरा करत नाही. म्हणून ती ९ ते १४ या वयात, लैंगिक संबंध सुरू होण्यापूर्वी घेणे सर्वांत उपयोगी.

निरोगी माणसाने धास्तीपोटी घशाची एचपीव्ही तपासणी करून घेण्याची शिफारस केली जात नाही. संसर्ग आढळला तरी त्यावर औषध नाही आणि बहुधा तो आपोआप जातो. मात्र मानेत न दुखणारी गाठ, गिळताना त्रास, एकाच बाजूचा घसा किंवा कान दुखणे, तोंडातला न भरणारा व्रण, यांपैकी काही दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकले तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे. एचपीव्हीमुळे झालेला घशाचा कर्करोग उपचारांना तुलनेने चांगला दाद देतो. २०१० मधील एका अमेरिकन अभ्यासात असे ८२ टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते. एचपीव्ही नसलेल्या रुग्णांत हे प्रमाण ५७ टक्के होते.

वर्गात हा विषय दोन वाटांनी येऊ शकतो. पेशीविभाजन शिकवताना पी-५३ची गोष्ट सांगता येईल. संभाव्यता शिकवताना ‘आजाऱ्यांपैकी संसर्ग झालेले’ आणि ‘संसर्ग झालेल्यांपैकी आजारी’ या दोन अपूर्णांकांतला फरक फळ्यावर मांडता येईल. एखाद्या मुलाने किंवा मुलीने धीर करून प्रश्न विचारलाच, तर त्यामागे काय घडले असेल याची चौकशी करू नये. विचारले तेवढ्याचे सरळ उत्तर द्यावे. रागावून गप्प बसवलेले मूल पुढचा प्रश्न आपल्याला विचारणार नाही, आणि घशात गाठ आल्यावर डॉक्टरांनाही विचारायला घाबरेल.