ड्रिपचा फिल्टर इंचावर नाही, पाण्याच्या हिशोबावर घ्या



घरात माशांची काचेची टाकी ठेवायची म्हटलं, तरी दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "टाकी किती लिटरची?" त्यावर तो फिल्टर देतो. आपण ड्रिपचा फिल्टर आणायला जातो तेव्हा मात्र सांगतो, "दोन इंची द्या" नाहीतर "तीन इंची द्या". इंच हे पाईप जोडण्याचं माप आहे. फिल्टर तासाला किती पाणी गाळू शकतो, हे त्याच्या क्षमतेवर ठरतं. ही क्षमता *घनमीटर प्रति तास* अशी प्लेटवर किंवा माहितीपत्रकात दिलेली असते. 1 घनमीटर म्हणजे 1000 लिटर.

आधी माझीच चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी दोन एकर डाळिंबाच्या एका सभासदाला मी म्हणालो, "40 घनमीटरचा सँड फिल्टर घ्या, मोठा असला की टेन्शन नाही." पाणी शेततळ्याचं, शेवाळ भरपूर आणि पंप तासाला जेमतेम 12 घनमीटर पाणी देणारा. ऐन फळ फुगायच्या वेळी निम्म्या ओळींना पाणी कमी पडायला लागलं. फिल्टर उघडला तर आत वाळूचे गोळे झालेले. बॅकवॉशला पाण्याचा जोर कमी पडल्यामुळे वाळू कधी उचललीच गेली नव्हती. घाण पाणी मधल्या भेगांतून सरळ पुढे जात होतं. त्या बागेत फळाचा आकार सारखा मिळाला नाही. म्हणून आता मी आधी हिशोब करायला सांगतो.

*1) ड्रिपला तासाला किती पाणी लागतं?*
ड्रिपरची संख्या गुणिले एका ड्रिपरचं तासाचं पाणी, भागिले 1000.

डाळिंब 14 बाय 10 फुटावर असेल तर एकरी साधारण 311 झाडं. झाडाला 4 लिटरचे 4 ड्रिपर धरले तर तासाला सुमारे 5 घनमीटर.

ऊस साडेचार फुटी सरीत असेल तर एकरी साधारण 2950 मीटर इनलाईन लॅटरल. ड्रिपर 40 सेंटीमीटरवर म्हणजे सुमारे 7375 ड्रिपर. 4 लिटरचे असतील तर तासाला साडेएकोणतीस घनमीटर!

बघा, एकर एकच, पण पाणी जवळजवळ सहापट. म्हणून "एकराला कोणता फिल्टर?" या प्रश्नाला एक उत्तर नाही.

*2) पंप किती पाणी देतो?*
फिल्टर बसवणार त्या जागी 200 लिटरचा ड्रम भरा आणि मोबाईलवर वेळ लावा. लिटर भागिले सेकंद, गुणिले 3.6. ड्रम 36 सेकंदात भरला तर तासाला 20 घनमीटर. हे मोकळ्या पाईपचं पाणी झालं. ड्रिपच्या दाबावर पंप यापेक्षा कमी देतो, हे धरून चाला.

वरच्या उसाला साडेएकोणतीस लागतात आणि पंप 20 देतो. मग एकराचे दोन भाग करून दोन व्हॉल्व्ह बसवा. एका वेळी पावणेपंधरा घनमीटर पुरे. *फिल्टर सगळ्या शेताचा हिशोब धरून घ्यायचा नसतो, एका वेळी चालणाऱ्या सर्वात मोठ्या भागाचा धरायचा असतो.*

*3) पाणी कसलं आहे?*
शेततळं, कालवा किंवा उघडी विहीर असेल तर पाण्यात शेवाळ आणि कचरा असतो. तिथे सँड फिल्टर लागतोच आणि त्याच्या पुढे जाळीचा किंवा डिस्क फिल्टर. नुसत्या जाळीवर शेवाळ लगेच चिकटतं. बोअरच्या पाण्यात वाळू येत असेल तर आधी हायड्रोसायक्लॉन, मग जाळीचा किंवा डिस्क फिल्टर. हायड्रोसायक्लॉनमध्ये पाणी जोरात फिरलं तरच वाळू खाली बसते, त्यामुळे तोही गरजेपेक्षा मोठा घेऊ नका.

शेवाळाच्या पाण्याला हिशोबापेक्षा साधारण पाव भाग जास्त क्षमता धरा. पावणेपंधराला साडेअठरा होतात, म्हणजे 20 घनमीटरचा फिल्टर. पंपही मोकळा 20 देतो, म्हणजे बॅकवॉशही नीट होईल.

लहान फिल्टर घेतला तर वारंवार तुंबतो, दाब पडतो, आणि वेगाने जाणारं पाणी घाण पुढे ढकलतं. फार मोठा घेतला तर माझ्यासारखी फजिती. सँड फिल्टर घेताना स्वतःला एवढंच विचारा: *माझ्या पंपाच्या पाण्यावर याची वाळू उचलली जाईल का?*

*बसवल्यावर*
• फिल्टरच्या आधी आणि नंतर प्रेशर गेज हवाच. दोन्हींतला फरक 0.5 किलोपर्यंत गेला की बॅकवॉश करा. बॅकवॉशचं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत थांबू नका.
• व्हेंचुरी सँड फिल्टरच्या पुढे आणि जाळीच्या फिल्टरच्या अलीकडे जोडा. न विरघळलेलं खत जाळीत अडकेल.
• शेततळ्यातला फूटव्हॉल्व्ह तळाशी टाकू नका, तिथे गाळ असतो. वरही नको, तिथे शेवाळ. तरंगत्या ड्रमला बांधून पाण्याखाली दीड-दोन फुटांवर ठेवा.
• लॅटरलची टोकं आठवड्यातून एकदा सोडा. पहिलं पाणी हातावर घेऊन बघा. गढूळ आलं तर फिल्टर कुठेतरी कमी पडतोय.

आपल्याकडे आवर्तनाचं पाणी तळ्यात साठवून उन्हाळा काढायचा असतो. लाईट असेल तेवढ्याच तासांत ते पिकाला द्यायचं. रात्रीच्या लाईटला फिल्टर तुंबला तर सकाळपर्यंत कळतही नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी हा हिशोब कागदावर मांडा.

पीक, लागवडीचं अंतर, ड्रिपर किती लिटरचा, ड्रम भरायला लागलेले सेकंद आणि पाणी कुठलं, एवढ्या पाच गोष्टी लिहून ग्रुपवर फोटो टाका. हिशोब मी करून देतो.

राम राम.
आपला कृषी सल्लागार