मुक्काम पोस्ट व्हॉट्सॲप

मुलुंडच्या आमच्या इमारतीत पाण्याचा टँकर आला, की त्याची वर्दी आधी फोनवर येते. त्यामागोमाग कोणाचे सुप्रभातीचे चित्र, कोणाची गाडी वाटेत उभी असल्याची तक्रार, कोणाच्या नातवाचे बारसे. विद्यार्थी मित्रांनो, असा एखादा गट तुमच्याही घरी असेलच. या गटाला गाव म्हणता येईल काय? आणि म्हटले, तर त्या गावाचा शास्त्रीय अभ्यास कसा करावयाचा?

मी पदार्थविज्ञान शिकवितो. मोजल्याखेरीज मला चैन पडत नाही. एका रविवारी मी आठवड्याचे सारे संदेश मोजून त्यांचा तक्ता केला आणि सोसायटीच्या सभेत हौसेने वाचून दाखविला. निम्म्याहून अधिक संदेश सुप्रभातीचे निघाले. लोक हसले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू मात्र म्हणाल्या, "सर, आमचे निरोप मोजत होतात, तर आधी विचारायचंत तरी!" मी निरुत्तर झालो.

माझी चूक कोणती, हे मानवशास्त्राच्या पुस्तकांत सापडले. माणसे एकत्र कशी राहतात, याचा अभ्यास करणारे हे शास्त्र. पहिल्या महायुद्धाच्या काळात मालिनोव्स्की या संशोधकाने ट्रोब्रियंड बेटांवर गावातच तंबू ठोकला, तेथील भाषा शिकून घेतली आणि लोकांत राहून टिपणे केली. या पद्धतीला 'सहभागी निरीक्षण' म्हणतात. आपल्याकडे मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे दीर्घकाळ प्रमुख असलेले डॉ. गो. स. घुर्ये यांनी पुण्याजवळच्या लोणीकंदचा अभ्यास केला. त्याच गावाची पाहणी डॉ. कोट्स या इंग्रज वैद्याने १८१९ च्या सुमारास केली होती. सव्वाशेहून अधिक वर्षांत गाव किती बदलले, हे घुर्यांनी पडताळून पाहिले.

पण लोणीकंदला चालत जाता येते. संगणकातील गावाला कसे जावयाचे? टॉम बोल्स्टॉर्फ या अमेरिकी मानवशास्त्रज्ञाने २००४ ते २००७ या काळात चक्क तेथे बिऱ्हाड केले! 'सेकंड लाइफ' नावाच्या संगणकीय जगात माणसांची चित्ररूपे हिंडतात, घरे बांधतात, गप्पा मारतात. त्याने तेथे घर घेतले, आपण संशोधक आहोत हे लोकांना सांगितले आणि मग त्यांच्यात वावरला.

पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील डॅनियल मिलर यांनी २०१२ मध्ये मोठा प्रकल्प हाती घेतला. नऊ संशोधक जगातील नऊ ठिकाणी प्रत्येकी पंधरा महिने राहिले. चेन्नईजवळच्या वस्तीत श्रीराम वेंकटरामन होते. पडद्यावरचे गटही नाते, जात, वय यांच्या जुन्याच रेषांवरून चालतात, असे त्यांना आढळले. आपल्या मुंबईतही निम्मी रंगस्वामी व सुमित्रा नायर यांनी एका झोपडपट्टीतील मोबाइलच्या दुकानांचा असाच अभ्यास केला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. फोन नुसता फोन नसतो. तो विकणारा, दुरुस्त करणारा, उधारीवर देणारा असे सारे शेजारी त्याच्याभोवती असतात.

आता एक अडचण पाहा. थर्मामीटर पाण्यात बुडविला, की तो स्वतःच थोडी उष्णता घेतो. तसेच 'मी तुमचा अभ्यास करतो आहे' असे सांगितले, की लोक जपून लिहू लागतात. मग गुपचूप पाहावे काय? तसे केले तर काकू रागावतात, आणि त्यांचा राग रास्त आहे. थर्मामीटरने पाण्याची परवानगी घ्यावी लागत नाही. माणसांची घ्यावी लागते. म्हणूनच हे संशोधक महिनोन्‌महिने राहतात. पाहुणा जुना झाला, की घरचे लोक पुन्हा नेहमीसारखे वागू लागतात.

पुढच्या सभेत मी आधी परवानगी मागितली. दोन घरांनी नको म्हटले. त्यांचे संदेश वगळले. मग वही घेऊन चार संध्याकाळी रखवालदाराच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलो. तेव्हा ध्यानात आले, की गटावर ज्याच्याविषयी रोज लिहिले जाते, तो रखवालदार गटात नाहीच. बरेचसे भाडेकरूही नाहीत. मग टँकर आल्याचे त्यांना कळते कसे? रखवालदार जिने चढून दारे ठोठावतो. तळमजल्यावरच्या आजींकडे साधा फोन आहे. त्यांची बादली तोच भरून ठेवतो. सुप्रभातीच्या चित्रांच्या माझ्या तक्त्यात यातले काहीच नव्हते.

हे छापू का, असे त्याला विचारले. नाव घालू नका, एवढेच तो म्हणाला. काकूंनाही विचारले आहे.