कोड वाचायचा की चालवून बघायचा?

तुमचा प्रोग्रॅम रखडतोय. आता काय कराल? मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी जे केलं, ते तरी करू नका.

माझं सिम्युलेशन एका रनला नऊ तास घ्यायचं. मी कोडवर स्टॅटिक अ‍ॅनालायझर चालवला. हे साधन प्रोग्रॅम न चालवताच कोड वाचतं आणि खटकणाऱ्या जागा दाखवतं. दीडेकशे इशारे आले. आठवडाभर मी ते इमानेइतबारे निस्तरत बसले. कोड देखणा झाला, रन मात्र नऊच तासांचा राहिला!

मग एका सहकाऱ्याने प्रोफायलर लावायला सांगितलं. तो चालत्या प्रोग्रॅमला सेकंदाला शेकडो वेळा टोकून विचारतो, ‘आत्ता कुठल्या फंक्शनमध्ये आहेस?’ ज्या फंक्शनचं नाव वारंवार येतं, तिथे वेळ जातोय. माझा प्रोग्रॅम प्रत्येक स्टेपला एकच इनपुट फाइल नव्याने वाचत होता. चार ओळी लूपच्या बाहेर काढल्या आणि रन पाऊण तासावर आला.

‘जीटीए ऑनलाइन’ या गेमची गोष्ट तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. तो लोड व्हायला कित्येक मिनिटं लागायची. २०२१ मध्ये एका खेळाडूने, सोर्स कोड हाताशी नसताना, प्रोफायलर लावून कारण शोधलं. सुमारे १० एमबीची एक जेसन फाइल वाचताना प्रत्येक छोट्या तुकड्यासाठी उरलेल्या सगळ्या मजकुराची लांबी पुन्हा मोजली जात होती. शिवाय सुमारे ६३,००० नोंदींपैकी प्रत्येक नोंद आधी येऊन गेली का, हे यादी पहिल्यापासून चाळून बघितलं जात होतं. त्याने केलेल्या दुरुस्तीने त्याच्याकडचं लोडिंग सहा मिनिटांवरून दोन मिनिटांच्या आत आलं. कंपनीने ती चूक मान्य करून त्याला १०,००० डॉलर बक्षीस दिलं. हाच कोड छोट्या फाइलवर झकास चालतो. फाइल पुढे केवढी होणार, हे कोडमध्ये लिहिलेलं नसतं, मग अ‍ॅनालायझरला ते कळणार कुठून?

पण प्रोफायलरला फक्त चाललेल्या वाटा दिसतात. पेपर पाठवायला चार दिवस उरले असताना दुसऱ्या मशीनवर माझे आकडे वेगळे आले. कण अगदी सीमारेषेवर आला, तरच चालणाऱ्या एका फाट्यात एक व्हेरिएबल सुरुवातीची किंमत न देताच वापरलं होतं. तो फाटा इतका क्वचित चालायचा, की प्रोफायलरच्या अहवालात त्याचा वाटा शून्य टक्के. अ‍ॅनालायझरने मात्र तो दाखवला होता. शेवटचे डझनभर इशारे मी ‘खोटी हाकाटी’ म्हणून बंद केले होते, त्यातलाच तो एक. (खोटे इशारे येतातच. प्रोग्रॅम कसा वागेल हे नुसता कोड वाचून दरवेळी अचूक सांगणारं साधन बनूच शकत नाही, हे राइसच्या १९५३ च्या प्रमेयाने दाखवून दिलंय.)

आता मी अ‍ॅनालायझर प्रत्येक कमिटला चालवते आणि इशारा बंद करायचा तर कारण लिहून ठेवते. प्रोफायलर काढते तो वेळेची तक्रार असेल तेव्हाच, आणि तोही खऱ्या आकाराच्या डेटावर.

पेपरमधली तिसरी आकृती पुन्हा काढावी लागली. वक्र जरासाच हलला, पण नेमका त्या टोकाला, जिथे आमचा निष्कर्ष उभा होता. पेपर सात महिने उशिरा गेला, वेगळ्या शीर्षकाने.