सिंचनाच्या पाइपातील सुरक्षित दाब

उभ्या पिकाला पाण्याची निकड असतानाच जमिनीत पुरलेला पाइप फुटावा, हे संकट अनेक शेतकऱ्यांच्या वाट्यास येते. दोष नेहमी पाइपाचाच असतो असे नाही. पुष्कळदा दाबाचा हिशेब न करताच त्याची खरेदी झालेली असते. हा हिशेब कठीण नाही.

पाण्याच्या १० मीटर उंचीमुळे तळाशी दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलो दाब पडतो. समजा, पंपापासून माळावरील शेत ३० मीटर उंच आहे आणि पाइपातील घर्षणापायी आणखी ५ मीटर उंचीइतका दाब खर्च होतो. एकूण ३५ मीटर झाले. म्हणजे पंपाजवळ दाब ३.५ किलो. तेव्हा ४ किलो दाबाचा स्वस्त पाइप पुरेल, असे वाटते. येथेच फसगत होते.

सेकंदाला १ मीटर वेगाने वाहणारे पाणी व्हॉल्व्ह झटकन मिटल्याने एकाएकी थांबले, तर पीव्हीसी पाइपात सुमारे ३ किलो जादा दाब क्षणभर उसळतो. ३.५ मध्ये ३ मिळविल्यास ६.५ किलो होतात. वीज अकस्मात गेली तरी असाच धक्का बसू शकतो.

पाइपाची शक्ती काढण्याची रीत अशी : सुरक्षित ताण, पाइपाची जाडी व २ यांचा गुणाकार करावा, बाहेरील व्यासातून जाडी वजा करून येणाऱ्या संख्येने त्यास भागावे. पीव्हीसीचा सुरक्षित ताण २७ अंश सेल्सिअसला ८६ किलो धरतात. व्यास ९० व जाडी ३ मिलिमीटर असल्यास ५१६ भागिले ८७, म्हणजे सुमारे ६ किलो. उष्णतेने ही शक्ती घटते. म्हणून पाइप उन्हात उघडा न ठेवता पुरावा.

वरील उदाहरणात व्हॉल्व्ह सावकाश मिटविण्याची शिस्त पाळल्यास ६ किलोचा पाइप चालेल. वीज वारंवार जात असेल तेथे ८ किलोचा घेणे श्रेयस्कर. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी खरेदीपूर्वीच शेताची उंची मोजून द्यावी व पाइपावर छापलेला दाब शेतकऱ्यास वाचून दाखवावा. खरेदीतील थोडी बचत ऐन हंगामात पिकाच्या मुळावर येऊ नये.