पाळण्यात बसल्यावर चक्कर का येते?



मागच्या अंगारकी चतुर्थीला आम्ही घरचे सगळे राजूरच्या गणपतीला गेलो होतो. राजूर आपल्याच जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात आहे. अंगारकीला तिथे लई गर्दी असते. दर्शन झाल्यावर मी आणि माझा चुलतभाऊ पाळण्यांकडे गेलो. तिथे 'ब्रेक डान्स' नावाचा पाळणा होता. त्यात खालची मोठी लोखंडी चकती फिरते आणि चकतीवरच्या टोपल्या, ज्यांच्यात आपण बसतो, त्यापण वेगळ्या फिरतात. मी आधी दोन प्लेट भजी खाल्ली होती. वरून उसाचा रस प्यालो होतो.

थोड्याच फेऱ्यांत माझे डोके गरगरायला लागले. तोंडाला पाणी सुटले, अंगाला गार घाम आला. खाली उतरलो तर जमीनच फिरायली होती! मी तिथेच ओकलो. थोडे चुलतभावाच्या नव्या चपलेवर पडले.

चुलतभाऊ म्हणाला, "भित्रा कुठला!" आजी म्हणाली, "लेकराला नजर लागली." घरी आल्यावर तिने मीठ-मोहरी उतरवून चुलीत टाकली. दुसऱ्या दिवशी साऱ्या वर्गाला कळले. माझे नाव 'ब्रेक डान्स' पडले. मला पाहिले की पोरे गरगर फिरायची आणि खाली पडायची. सगळे हसायचे. मी पण हसायचो, पण मला ते आवडत नव्हते.

मग गुरुजींनी वेरूळच्या सहलीची यादी केली. मी नाव दिले नाही. मला एसटीतही मळमळते. वेरूळला जायचे म्हणजे जालन्याहून छत्रपती संभाजीनगर सुमारे ६० किलोमीटर, त्यापुढे अजून ३० किलोमीटर, आणि दौलताबादच्या पुढे घाट. गुरुजींनी विचारले, "पैशाची अडचण आहे का रे?" मी मान हलवली. शेवटी मधल्या सुट्टीत खरे सांगितले. गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, "तू भित्रा नाहीस. तुझा कान चांगला आहे, म्हणून तुला चक्कर येते."

मला वाटले गुरुजी थट्टा करायलेत. ओकलो तोंडाने, मग कानाचा काय संबंध? पण गुरुजींनी सगळे समजावून सांगितले. तेच मी इथे लिहीत आहे.

कानात काय असते?

आपल्याला बाहेरून दिसतो तेवढाच कान नसतो. आत, हाडाच्या पोकळीत, ऐकण्याच्या भागाला लागूनच तीन बारीक वाकड्या नळ्या असतात. त्यांना अर्धवर्तुळाकार नलिका म्हणतात. त्यांच्यात पाण्यासारखा द्रव असतो. तिन्ही नळ्यांचे तोंड तीन बाजूंना असते, म्हणून मान कशीही हलवली, 'हो' म्हणताना, 'नाही' म्हणताना किंवा खांद्याकडे कलती केली, तरी कानाला कळते. नळीत नाजूक केस असतात. द्रव हलला की केस वाकतात आणि मेंदूला निरोप जातो, 'डोके फिरले!' नळ्यांच्या जवळ दोन छोट्या पिशव्या असतात. त्यांत चुनखडीचे अगदी बारीक कण असतात. गाडी सुटली, थांबली, आपण वर गेलो, खाली आलो, हे त्या पिशव्यांवरून कळते.

म्हणजे कान नुसता ऐकण्यासाठी नाही. तोल सांभाळायलापण कानच लागतो.

आम्ही केलेला प्रयोग

गुरुजींनी काचेचा पेला पाण्याने अर्धा भरला आणि त्यात कडब्याची एक बारीक काडी टाकली. पेला हातात धरून मला जागेवर एक गिरकी घ्यायला सांगितली. पेला माझ्याबरोबर फिरला, पण काडी होती तिकडेच तोंड करून राहिली! पाणी मागे राहिले होते. मग मी बराच वेळ गोल फिरत राहिलो. हळूहळू पाणीपण पेल्याबरोबर फिरू लागले. आता गुरुजी म्हणाले, "थांब!" मी थांबलो, पेला थांबला, पण काडी फिरतच राहिली.

कानातही असेच होते. आपण थांबतो, पण नळीतला द्रव थोडा वेळ पुढे सरकत राहतो आणि केस उलट्या बाजूला वाकवतो. मेंदूला वाटते, आपण आता उलटे फिरायलोत. म्हणून फुगडी सोडल्यावर मुली झोकांड्या खातात.

मग गुरुजींनी चुलतभावाला मैदानात दहा गिरक्या मारायला लावल्या. थांबल्यावर आम्ही त्याच्या डोळ्यांत पाहिले. बुबुळे आपोआप एका बाजूला सरकत होती आणि झटक्याने परत येत होती. तो सरळ चालायला गेला आणि गुलमोहराच्या आळ्यात पडला. त्याला कोणी भित्रा म्हणाले नाही. मी पण म्हणालो नाही.

मग मळमळ का होते?

डोळा आणि कान दोघेही मेंदूला बातमी देतात. दोघांची बातमी एक असली तर काही त्रास नाही. पण ब्रेक डान्समध्ये समोर बसलेला भाऊ जागेवरच दिसतो आणि कान म्हणतो आपण गरगर फिरायलोत. बाहेर पाहिले तर माणसे आणि दिवे भलतीकडेच पळतात. एसटीत पुस्तक वाचताना डोळा म्हणतो पान स्थिर आहे, कान म्हणतो खड्डा आला, वळण आले. दोघांचे भांडण लागते आणि मेंदू गोंधळून जातो.

पण त्यासाठी ओकायचे कशाला? एका शास्त्रज्ञाने १९७७ मध्ये एक विचार मांडला. विषारी काही खाल्ले तरी माणसाला भोवळ येते. आपल्या बांधावरच्या धोतऱ्याचे बी पोटात गेले तर तसेच होते. म्हणून डोळ्याचे आणि कानाचे जमेना झाले की मेंदूला वाटत असावे, पोटात विष गेले, ते बाहेर काढा! माझ्या पोटात फक्त भजी होती.

भित्रे नसलेले लोक

अमेरिकेत सुमारे १९६० च्या आसपास अकरा बहिऱ्या माणसांवर अंतराळ प्रवासासाठी प्रयोग झाले. त्यातल्या बहुतेकांच्या कानाचा आतला भाग लहानपणी आजाराने निकामी झाला होता. त्यांना खवळलेल्या समुद्रात बोटीने नेले. ते मजेत पत्ते खेळत बसले आणि तपासायला गेलेले शास्त्रज्ञच ओकून बेजार झाले! गुरुजी 'कान चांगला आहे' का म्हणाले, ते मला आता कळले.

रशियाचे विमानचालक घेरमान तितोव १९६१ मध्ये अंतराळात गेले. तिथे अशी मळमळ झालेले ते पहिले माणूस. आपले राकेश शर्मा एप्रिल १९८४ मध्ये अंतराळात गेले, तेव्हा या त्रासावर योगासनांचा उपयोग होतो का, हे त्यांनी तिथे आसने करून पाहिले. म्हणजे एवढ्या मोठ्या लोकांनाही याचा विचार करावा लागतो. हा त्रास साधारण सहा ते बारा वर्षांच्या मुलांना जास्त होतो. पुढे बहुतेकांचा कमी होतो.

काय करावे?

१. पाळण्यात बसण्याआधी पोटभर खाऊ नये. प्रवासाला अगदी उपाशीही निघू नये.
२. एसटीत पुढच्या बाजूला बसावे. खिडकीतून लांबच्या डोंगराकडे पाहावे, जवळच्या झाडांकडे नाही.
३. गाडीत पुस्तक किंवा मोबाईल पाहू नये.
४. डोके बाकाला टेकून स्थिर ठेवावे. तोंडावर वारा घ्यावा.
५. आल्याचा तुकडा चघळावा. काहींना त्याने बरे वाटते.
६. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.
७. न फिरताच चक्कर येत असेल तर मोठ्यांना सांगावे आणि दवाखान्यात जावे.

आजीला मी हे सगळे वाचून दाखवले. ती म्हणाली, "असंल बाबा कानात पाणी. पण मीठ-मोहरीनं काही बिघडत न्हाई." आता ती माझ्यासाठी आलेपाक करणार आहे.

मी सहलीला नाव दिले आहे. गुरुजींनी मला ड्रायव्हरकाकांच्या मागची जागा दिली आहे. आपल्या वर्गात अजून दोघांना गाडी लागते, पण ती सांगत नाहीत. त्यांनी माझ्याजवळ येऊन बसावे, तिथे तिघांना जागा आहे. आणि घाटात कोणी ओकले तर हसू नका, पाण्याची बाटली द्या.

चूकभूल द्यावी घ्यावी.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थी, जि. प. प्राथमिक शाळा